धाव बसवताना

संपादकांचा फोन आला. यंदाच्या अंकाचा विषय 'लाकूड'. कुणी सावंतवाडीच्या खेळण्यांवर लिहितंय, कुणी सागाच्या जंगलावर, तुम्ही पनवेलला राहता तर तिथलं काहीतरी बघा. "पनवेल आणि लाकूड?" मी म्हटलं. आमच्याकडे कळंबोलीला पोलादाचा बाजार, तळोज्याला रसायनं, औषधं म्हणाल तर १८७२ पासूनचं धूतपापेश्वर. लाकूड म्हटल्यावर मला आमच्या सोसायटीखालचं मॉड्युलर किचनचं दुकान आठवलं, आणि त्यात लाकूड किती असतं ते सगळ्यांना माहीत आहे.

फोन ठेवला आणि मग एक जुनी नोंद आठवली. इंग्रजी अमदानीतल्या इंपीरियल गॅझेटियरात पनवेलवर एक छोटासा मजकूर आहे. त्यात गावाचा मुख्य धंदा म्हणून नाव आहे ते गाडीची चाकं बनवण्याचं. वाचलं तेव्हा गंमत वाटली होती आणि पान उलटलं होतं. आता कामाला लागलो. लाईन आळी, कापड बाजार, उरण नाका असा दोन संध्याकाळी फिरलो आणि दिसेल त्या म्हाताऱ्या दुकानदाराला विचारलं. बहुतेकांनी "हो, होते पूर्वी चाकवाले" एवढंच सांगितलं. एका लोखंडाच्या दुकानातले आजोबा मात्र पट्टी मोजता मोजता म्हणाले, "गावात काय शोधताय? नेऱ्याकडे जा. तिकडे एक शेड आहे. म्हातारा अजून हात चालवतो."

शेड सापडली. पनवेलहून नेऱ्याचा रस्ता धरला की समोर माथेरानचा डोंगर आणि त्याच्या अलीकडे प्रबळगड दिसत राहतो. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना आता फार्महाऊसच्या भिंती आहेत. त्या भिंतींच्या एका खाचेत पत्र्याची शेड, दारात भुशाचा ढीग आणि त्या ढिगावर ऊन खात पडलेली दोन कुत्री. आत एक आरा मशीन, एक रंधा मशीन, आणि एका भिंतीला खिळ्यांवर टांगलेली हत्यारं: वाकस, पटाश्या, किंकरे, गिरमिट, गुण्या, खतावणी. मशीनवर नव्या पिवळ्या लाकडाची रास होती. हत्यारांखाली, अर्धवट अंधारात, चार चाकं भिंतीला टेकून उभी होती.

कारखाना म्हणावा तर इतकाच. मालक पंचेचाळिशीचे, तिसऱ्या पिढीचे. त्यांचे आजोबा पनवेल गावात चाकं करायचे. जागा अपुरी पडली, शेजारी मशीनच्या आवाजाला वैतागले, तेव्हा वडिलांनी इथे शेड टाकली. मिस्त्री सत्तरीच्या पुढचे, आजोबांच्या हाताखाली पोरवयात आलेले. मालक त्यांना 'काका' म्हणतात, म्हणून मीही काकाच म्हणायला लागलो. ते मला पहिले दोन तास 'साहेब' म्हणत होते, नंतर 'भाऊ'. नावं छापू नका, दोघांनीही सांगितलं. "नाव छापलंत तर उद्या वनखात्याचा माणूस येईल चहाला," मालक हसले. त्यांचे कागद सगळे जागेवर आहेत, पण चहा कोण पाजणार!

बंदर होतं म्हणून

चाकांचा धंदा पनवेलमध्येच का, हे समजायला आजचा नकाशा विसरावा लागतो. आता पनवेलमधून द्रुतगती महामार्ग जातो, रेल्वे जाते, पलीकडे विमानतळ झालाय. दोनशे वर्षांपूर्वी मुंबईहून पुण्याला जाणारा माणूस होडीत बसायचा आणि खाडीतून पनवेलच्या बंदराला उतरायचा. पुढे घोडा, पालखी नाहीतर गाडी. १८३० साली बोरघाटातून गाडीरस्ता खुला झाला आणि देशावरचा माल बैलगाडीतून थेट खाली उतरू लागला. इकडून मीठ, मासळी, विलायती माल वर जाई. ज्या गावात समुद्राचा प्रवास संपतो आणि गाडीचा सुरू होतो, तिथे किती चाकं मोडत असतील याचा अंदाज करायला गॅझेटियर लागत नाही.

त्यात घाट. उतरताना बैलांपेक्षा चाकांचे हाल जास्त. चाकाला ओंडका अडकवून, दगड लावून, गाडी घसटत घसटत खाली आणायची. अशा गाडीला पायथ्याशी आल्यावर सुतार-लोहार हवेतच. लाकडाला मागे डोंगर, कर्नाळ्यापासून माथेरानच्या उतारांपर्यंत. लोखंड मुंबईहून होडीने येणार. गिऱ्हाईक दारात उभं. मला तर वाटतं पनवेलला दुसरा धंदा सुचलाच नसता.

पुढची गोष्ट जास्त नवलाची आहे. १८६३ मध्ये बोरघाटातून रेल्वे सुरू झाली ती कल्याण-कर्जतवरून. पनवेल बाजूला पडलं. बंदराची रया गेली असेल, पण चाकांचा धंदा बसला नाही. रेल्वे सुरू होऊन चाळीसेक वर्षं झाली तरी सरकारी कोशात पनवेलची ओळख चाकांचीच होती. कारण सोपं आहे: रेल्वेनं स्टेशनपर्यंत माल आणला, स्टेशनापासून गावापर्यंत कुणी न्यायचा? जेवढी रेल्वे वाढली तेवढ्या गाड्या वाढल्या. आगगाडीनं बैलगाडी मारली असं आपण सहज बोलतो. ती मेली ती पुढे, आणि वेगळ्याच हातानं.

तुंबा, आरे, पुठ्ठे

"चाक म्हंजी काय, सांगा," काकांनी पहिल्याच दिवशी माझी परीक्षा घेतली. मी म्हटलं, गोल असतं. ते हसले नाहीत.

चाकात तीन प्रकारचं लाकूड आणि एक लोखंड. मधला जाड गड्डा म्हणजे तुंबा. त्यातून बाहेर पसरलेले ते आरे. आऱ्यांच्या टोकांवर बसणारे वळणदार तुकडे म्हणजे पुठ्ठे. ते एकाला एक भिडले की गोल पुरा होतो. आणि या सगळ्याला बाहेरून आवळणारी लोखंडी पट्टी, तिचं नाव धाव. काकांसमोरच्या चाकाला बारा आरे आणि सहा पुठ्ठे होते. एका पुठ्ठ्यात दोन आरे, हा हिशेब सहसा चुकत नाही. आरे वाढले तरी जोडीनंच वाढतात.

प्रत्येक भागाचं काम वेगळं, म्हणून लाकूडही वेगळं. तुंब्याला बारा बाजूंनी खाचा पाडायच्या आणि मधून आरपार भोक. इतकी भोकं पाडूनही जो फुटत नाही असाच ओंडका हवा. देशावर यासाठी बाभूळ वापरतात, तिचे तंतू एकमेकांत गुंतलेले असतात. आऱ्यावर भार उभा येतो, म्हणून तो सरळ रेषेचा, बिनगाठीचा. पुठ्ठा वळणदार हवा, पण लाकूड वाकवत नाहीत. रुंद फळीतून कोरून काढतात. त्यामुळे पुठ्ठ्यात लाकूड सगळ्यात जास्त वाया जातं. कणा पूर्वी लाकडीच असे, आणि त्याला धावड्यासारखं चिवट झाड शोधत. तिवसही गाडीकामात नावाजलेला. ऐन, किंजळ, साग ही तर इकडची घरचीच झाडं. काका लाकडाचं नाव सांगताना त्यावर बोटाच्या पेरानं टकटक करायचे. मला सगळ्यांचा आवाज सारखाच ऐकू आला. त्यांना तो सारखा वाटतो का, हे विचारायचं धाडस झालं नाही.

तुंबा सगळ्यात आधी करून ठेवायचा आणि विसरून जायचं. सावलीत, वारा लागेल पण ऊन लागणार नाही अशा जागी. ओल्या तुंब्यात आरा ठोकला तर तो आज घट्ट बसतो, चार महिन्यांनी खुळखुळतो. आऱ्याचं लाकूड मात्र खणखणीत वाळलेलं पाहिजे. आऱ्याच्या बुडाला कुसू काढतात, ते तुंब्याच्या खाचेपेक्षा केसभर जाड ठेवतात आणि मोगरीनं ठोकून बसवतात. "किती जाड?" मी विचारलं. काकांनी मला कुसू दिलं, खाच दाखवली. हातानं दाबलं तर आत गेलं नाही. ठोकलं तर गेलं. मोजमाप तेवढंच.

या कामात सरस नाही, स्क्रू नाही, आणि मुख्य सांध्यांत खिळाही नाही. बारा आरे एकमेकांना धरून बसतात आणि त्यांना धरायला पुठ्ठे. पुठ्ठे बसवताना मात्र दोन पुठ्ठ्यांच्या मध्ये नखभर फट मुद्दाम सोडतात. मला वाटलं माप चुकलं. बारीक फट दिसतेय, असं मी काळजीनं दाखवलंसुद्धा. मालक म्हणाले, "धाव बसवतानाच या. तेव्हा कळेल."

एक इंच

धाव बसवायचा दिवस ठरला तो सकाळचा, उन्हाच्या आधीचा. लोहार पलीकडच्या गावातून आला होता. त्याचं काम आदल्या दिवशीच सुरू झालं होतं, आणि तो आदला दिवस चुकवल्याचं मला आजही वाईट वाटतं. मालकांनी नंतर करून दाखवलं तेवढं सांगतो. लोखंडी पट्टी जमिनीवर सरळ टाकायची. चाकाच्या कडेवर खडूनं एक खूण करायची, ती खूण पट्टीच्या टोकाला लावायची आणि चाक पट्टीवरून लोळवत न्यायचं. खूण पुन्हा खाली आली की एक फेरा पुरा. तेवढी चाकाची लांबी. पट्टी गोल वाकवताना तिच्या जाडीपायी थोडी लांबी जाते, ती धरायची. आणि मग या सगळ्यातून मुद्दाम थोडं कमी करायचं. म्हणजे कडी तयार होते ती चाकापेक्षा लहान. थंड असताना ती चाकावर बसूच शकत नाही. लोहाराचं सगळं शहाणपण या 'थोडं कमी' मध्ये आहे. फार कमी केलं तर धाव आरे मोडते, पुरेसं कमी केलं नाही तर भर रस्त्यात निघून पुढे पळते.

मी घरी येऊन कागदावर हिशेब केला. साडेचार फूट व्यासाचं चाक, म्हणजे घेर चौदा फुटांच्या थोडा वर. लोखंड दर अंशाला लांबीच्या लाखातल्या सव्वा भागाइतकं वाढतं. ही कडी पाचशे अंश तापवली तर घेर साधारण एक इंच वाढतो. चौदा फुटांत एक इंच. तेवढ्या इंचात लहान कडी मोठ्या चाकावर उतरवायची आणि निवण्याआधी नीट बसवायची.

जमिनीवर कडी ठेवून तिच्याखाली-वर गोवऱ्या रचल्या होत्या, पूर्ण वर्तुळात, कुठे कमी नाही कुठे जास्त नाही. एक बाजू जास्त तापली तर कडी गोल राहत नाही. गोवरीचा जाळ संथ असतो, म्हणून गोवरी. शेजारी चाक आडवं, तुंब्याखाली दगडी ठोकळा. चार बादल्या पाणी, एक पिंप, आणि शेजारच्या फार्महाऊसच्या माळ्याकडून आणलेली रबरी नळी. तीस-पस्तीस मिनिटं कुणी फारसं बोललं नाही. लोहार मधूनमधून लाकडाची ढलपी कडीला टेकवून बघत होता. ढलपीतून नुसता धूर आला की थांबायचा. शेवटी ढलपी टेकवताच पेटली आणि तो उठला.

मग सगळं एकदम झालं. तिघांनी लांब सांडशींनी कडी उचलली, चालत चालत चाकावर आणली, एका बाजूनं टेकवली, दुसऱ्या बाजूनं हातोडे पडले. लाकूड पेटलं. पुठ्ठ्यांच्या कडेनं पिवळी ज्वाळ धावत गेली, मी मागे सरलो, आणि कुणीतरी ओरडलं, "पानी!" पाणी पडलं तशी वाफ उठली आणि त्या वाफेतून आवाज यायला लागला. करकर, मग कटकट, बोटं मोडल्यासारखा. कडी आवळत होती. मी सांगितलेली नखभर फट माझ्या डोळ्यांदेखत मिटली. सहाही फटी मिटल्या. आरे तुंब्यात आणखी आत गेले. जे मघापर्यंत अठरा-एकोणीस सुटे तुकडे होते ते आता एकच चीज झालं. काकांनी चाक उभं केलं, हातोडीनं धावेवर एक टोला दिला आणि कान दिला. घंटेसारखं वाजलं.

माझ्या चपलेचा पुढचा अंगठा या गडबडीत वितळला होता. ते घरी आल्यावर दिसलं.

उन्हाळ्यात हेच चाक पुन्हा सैल होतं. लाकूड सुकतं, आकसतं, लोखंड आहे तेवढंच राहतं. म्हणून शेतकरी चाक काढून तळ्यात किंवा ओढ्यात बुडवून ठेवायचे, लाकूड फुगून परत घट्ट व्हायचं. पनवेलला तळी भरपूर. वडाळे, देवाळे, कृष्णाळे, इस्रायल तळं. एखाद्या चैत्रात त्यांच्या काठाला किती चाकं भिजत पडलेली असतील, असं चित्र मी मनाशी उगाच काढत बसतो.

सोळा झाडं

लाकूड येतं कुठून, हा प्रश्न या धंद्यात आडवळणानं विचारायचा असतो. पूर्वी डोंगरातून यायचं. कुणी आणायचं, कसं आणायचं, ती कथा सरळ नाही. जंगलावर सरकारी हक्क आला तेव्हा गावकऱ्यांचं जळण, नांगराचं लाकूड, गाडीचं लाकूड सगळंच परवानगीचं झालं. या भागात त्याची आठवण पक्की आहे. २५ सप्टेंबर १९३० ला उरणजवळच्या चिरनेरला अक्कादेवीच्या माळावर जंगल सत्याग्रह झाला. झाडं तोडून कायदा मोडायचा, एवढाच कार्यक्रम. पोलिसांनी गोळीबार केला, आणि आठ सत्याग्रही हुतात्मा झाले. त्यात नाग्या महादू कातकरी होते. ज्या कातकऱ्यांचं पोट खैराच्या काथावर आणि कोळशावर चाले, त्यांच्यातला माणूस लाकडापायी मेला, हे आपण शाळेच्या धड्यात एका ओळीत संपवतो.

स्वातंत्र्यानंतर मालकीच्या झाडालाही नियम आले. महाराष्ट्राच्या १९६४ च्या वृक्षतोड कायद्यात सोळा झाडांची यादी आहे, ती तोडायला परवानगी लागते. साग, खैर, ऐन, किंजळ, तिवस, अंजन, हळदू, बिजा. शिवाय आंबा, फणस, जांभूळ. चाकवाल्याला जे जे लाकूड आवडतं त्यातलं बरंचसं या यादीत आहे. नंतर १९९६ च्या डिसेंबरात गोदावर्मन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाचा आदेश आला आणि देशभरातल्या विनापरवाना वखारींवर टाच आली. नवी आरा मशीन टाकणं तेव्हापासून सोपं राहिलेलं नाही. मालकांच्या शेडमधलं मशीन वडिलांच्या काळातलं आहे. त्याचा परवाना ते काचेच्या चौकटीत लावून ठेवतात, गणपतीच्या शेजारी.

हे नियम चुकीचे आहेत असं माझं म्हणणं नाही. कर्नाळ्याचं रान उरलंय ते नियमांमुळेच. पण वर्षाला पाच-सहा तुंबे करणाऱ्या माणसाला आणि ट्रकनं ओंडके नेणाऱ्याला एकच फॉर्म भरावा लागतो, हे बघताना हसू येतं.

काकांनी यातून वाट काढली आहे. ते जुनं लाकूड घेतात. पनवेल गावातले वाडे पडतायत, त्यांच्या तुळया, खांब, दारांच्या चौकटी निघतात. विमानतळासाठी दहा गावं हलली, तिथल्या घरांचंही लाकूड बाजारात आलं. शेडच्या मागे अशी रास आहे. शंभर वर्षं वाळलेला साग, वर गेरूचा आणि तेलाचा काळा थर, मधे कुठे पाळणा टांगायची कडी. "ह्यो बगा," काकांनी एक खांब दाखवला. त्यावर पोराची उंची मोजल्याच्या चाकूच्या खुणा होत्या, एकाखाली एक. तो खांब त्यांनी अजून कापलेला नाही. कापणार नाही असंही नाही म्हणाले.

गाडी रबरावर गेली

चाकांचा धंदा बसवला टायरनं. इकडे सगळे त्याला 'डनलॉप गाडी' म्हणतात, टायर कुठल्याही कंपनीचा असो. मोटारीचा जुना टायर, लोखंडी आस, आत बेअरिंग. बैलाला ओढायला हलकी, माल जास्त, वंगणाचा नळा बांधायची गरज नाही. लोखंडी धावेची गाडी डांबरी रस्ता कापत जाते, म्हणून सार्वजनिक बांधकामवाल्यांनाही ती नको होती. बंगळुरूच्या भारतीय व्यवस्थापन संस्थेचे पहिले संचालक एन. एस. रामस्वामी यांनी सत्तरच्या दशकात बैलगाडीचा अभ्यास केला, तेव्हा देशात दीड कोटीच्या घरात गाड्या होत्या असा अंदाज होता. त्यांनी हिरिरीनं मांडलं की या गाड्या सुधारा, त्यांना टाकून देऊ नका. सुधारणा झाली ती टायरची. त्यात सुताराला काम उरलं नाही.

पनवेलला आणखी एक गोष्ट घडली. सत्तरच्या दशकापासून नवी मुंबईसाठी जमिनी गेल्या. भातशेती गेली तिथे बैलही गेले. बैल गेले तशी गाडीही गेली. १९८४ च्या जानेवारीत जासईला जमिनीच्या भावासाठी शेतकऱ्यांनी गोळ्या झेलल्या, दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखालचं ते आंदोलन सगळ्यांना माहीत आहे. जमीन गेलेल्यांना मोबदल्यात साडेबारा टक्क्यांचे भूखंड आले, त्यावर इमारती आल्या. मालकांच्या वडिलांनी त्या काळात चाकं सोडून दारं-खिडक्या धरल्या. "बंगल्यांना चौकटी हव्या होत्या. पोरं शिकली त्याच्यावर," मालक म्हणाले. पुढे खिडक्याही अॅल्युमिनियमच्या झाल्या.

छप्पन्न अंश

मग ती पिवळ्या लाकडाची रास कसली? पॅलेटची.

१९८९ मध्ये न्हावा शेवा बंदर सुरू झालं, आणि पनवेलच्या आजूबाजूला गोदामं उगवली. कंटेनरमध्ये माल भरायचा तर खाली लाकडी फळकूट हवं, फोर्कलिफ्टचे दात ज्यात घुसतील असं. चाळीस बाय अठ्ठेचाळीस इंच, वर पट्ट्या, खाली ठोकळे. शेडमध्ये बिहारची तीन मुलं दिवसभर तेच ठोकतात, नेलगननं. एक पॅलेट मी घड्याळ लावून बघितलं. सहा मिनिटं लागली. लाकूड पाईनचं, परदेशातून जहाजानं आलेलं. ते इथे उतरतं, त्याचं पॅलेट होतं आणि त्यावर माल लादून पुन्हा जहाजानं जातं. लाकूड येतं बंदरातून आणि जातंही बंदरातून. डोंगराचा संबंध उरलेला नाही.

पॅलेटवर एक शिक्का असतो. गव्हाच्या कणसाचं चिन्ह, शेजारी देशाचं आणि कारखान्याचं अक्षर, आणि 'एचटी'. म्हणजे हीट ट्रीटमेंट. लाकडातली कीड एका देशातून दुसऱ्यात जाऊ नये म्हणून आयएसपीएम-१५ नावाचा आंतरराष्ट्रीय नियम आहे. लाकडाच्या गाभ्याचं तापमान सलग तीस मिनिटं किमान छप्पन्न अंश राहिलं पाहिजे. शिक्का नसेल तर परदेशी बंदरावर माल अडतो. मालकांकडे स्वतःची भट्टी नाही. पॅलेट दुसरीकडे नेऊन तापवून आणतात, तिथेच शिक्का बसतो.

मी काकांना छप्पन्न अंशांचं सांगितलं. ते म्हणाले, "आमची धाव पाचशे." मी हिशेबाचा कागद त्यांना दाखवला होता ना, तो आकडा त्यांनी लक्षात ठेवला होता.

त्यांना पॅलेट आवडत नाही. तसं ते तोंडानं बोलत नाहीत. पण मुलांनी वाकडा ठोकळा ठोकला तर उठून जातात, हातातलं काम टाकून, आणि सरळ करून येतात. "एका खेपेचा माल आहे काका, राहू द्या," मालक म्हणतात. काका ऐकत नाहीत. मला विचाराल तर या कारखान्याचा वारसा म्हणजे भिंतीवरचं हत्यार कमी आणि हे उठून जाणं जास्त. त्याचा भाव पॅलेटच्या बिलात मिळत नाही, एवढंच.

शर्यत आणि रिसॉर्ट

चाकं अजून होतात त्याची दोन कारणं. पहिलं, शर्यत. पनवेल, उरण, अलिबाग पट्ट्यात बैलगाडीच्या शर्यतीचं वेड जुनं. सर्वोच्च न्यायालयानं ७ मे २०१४ ला ती बंद केली, डिसेंबर २०२१ मध्ये अटींसह महाराष्ट्राला परवानगी मिळाली, आणि १८ मे २०२३ ला घटनापीठानं राज्याचा कायदा ग्राह्य धरला. मधली सात वर्षं बैल गोठ्यात आणि लोक न्यायालयात. विहीघरच्या पंढरीशेठ फडक्यांचं नाव या नादात राज्यभर झालं. २०२४ च्या फेब्रुवारीत ते गेले. शर्यतीची गाडी म्हणजे जेमतेम सांगाडा. चाक हलकं हवं, पण वळणावर मोडायला नको. काकांना ही परीक्षा आवडते. शर्यत मात्र ते बघायला जात नाहीत. बैलाला शेपटी पिळून पळवतात ते बघवत नाही, म्हणतात. चाक करून देतात.

दुसरं कारण रिसॉर्ट. मी ज्या चाकाची धाव बसताना बघितली ते कर्जतकडच्या एका रिसॉर्टच्या फाटकासाठी होतं. त्यांच्या आर्किटेक्टनं फोनवर सांगितलं होतं, खरी धाव नको, खर्च कशाला, पत्र्याची काळी पट्टी मारा, दिसायला तसंच दिसेल. मालक तयार होते. काका नव्हते. ते म्हणाले, धाव नसली तर पहिल्या वैशाखात पुठ्ठे उघडतील आणि लोक म्हणतील पनवेलचं चाक उघडलं. मालकांनी वरचा खर्च स्वतः सोसला. आर्किटेक्टला सांगितलंही नाही.

या चाकांना आत विजेच्या माळा लागतात, कुठे काच टाकून टेबल होतं, एका ढाब्यावर तर मी चाकाचं झुंबर बघितलं. नाक मुरडायचा मोह होतो. मी मुरडलंही. पण काकांनी गेल्या वर्षात केलेली बहुतेक चाकं याच हौसेवर झाली, आणि मालकांच्या मुलीनं, जी आर्किटेक्चरला आहे, पहिल्यांदा तुंब्याला हात लावला तो याच कामात. तिनं सगळ्या भागांची मापं घेऊन चित्रं काढली आहेत, मराठी नावांसकट. आतापर्यंत या शेडमध्ये कागदावर चाक कधी नव्हतं.

पनवेलची नगरपालिका १८५२ ची, राज्यातल्या सगळ्यात जुन्यांपैकी. २०१६ मध्ये ती महानगरपालिका झाली. ज्या चाकानं गावाचं नाव कोशात गेलं त्यातलं एक तरी, तुंबा-आरे-पुठ्ठे-धाव अशी नावं लिहून, शहरात कुठेतरी सावलीत ठेवायला हरकत नसावी. चौकात उघड्यावर नको. पनवेलच्या पावसात ते चार वर्षं टिकणार नाही. लोहाराला एकदा बोलावून शाळेच्या मुलांसमोर धाव बसवून दाखवली तर त्याहून बरं. गोवऱ्या अजून मिळतात.

आणि वाचकांपैकी कुणाच्या अंगणात, गोठ्यात, फार्महाऊसच्या भिंतीला जुनं चाक टेकून असेल तर काकांचा निरोप आहे. ते मातीवरून उचला आणि दोन विटांवर ठेवा. चाक वरून खराब होत नाही, खालच्या पुठ्ठ्यातून कुजतं. एका जागी उभं असेल तर दर पावसाळ्यानंतर पाव फेरा फिरवा.